दुसऱ्या सहीबद्दल

अमेरिकेतल्या मराठी जोडप्यांची टॅक्स रिटर्न भरून देणारे सीपीए, एनरोल्ड एजंट, आणि लॅपटॉपवर सॉफ्टवेअर घेऊन ओळखीपाळखीच्या चार घरांची कामं उरकून देणारे हौशी मदतनीस, सर्वांस,



फेब्रुवारी-मार्च हा तुमचा हंगाम. मान वर करायला फुरसत नसते, हे ठाऊक असूनही याच दिवसांत लिहिते आहे. एप्रिल उलटल्यावर या पत्रातल्या निम्म्या गोष्टींचा उपयोग उरणार नाही, आणि का उरणार नाही ते पुढे येईलच.

मी तुमच्या व्यवसायातली नव्हे. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, छोट्या दुकानांची हिशेबाची पुस्तकं ठेवते, आणि ज्यांचा संसार मोडला आहे किंवा मोडायच्या वाटेवर आहे अशा मराठी बायकांबरोबर दुभाषी म्हणून वकिलाकडे, करसल्ल्याच्या मोफत क्लिनिकमध्ये जाते. तिथे टेबलावर येणारा कागद बहुतेक वेळा तुमच्या हातचा असतो. फॉर्म १०४०, ‘मॅरिड फाइलिंग जॉइंटली’च्या चौकोनात खूण, शेवटी दोन सह्या. दुसऱ्या सहीवर बोट ठेवून वकील विचारतो, ‘ही तुमची?’ उत्तर साधारण एकाच धर्तीचं असतं: ‘असेल. त्यांनी ऑफिसातून फोन करून मोबाइलवर आलेला कोड विचारला होता.’

तेव्हा सुरुवात त्या सहीपासूनच करू. रिटर्न इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवायचं तर तुम्ही फॉर्म ८८७९ वर परवानगी घेता. जॉइंट रिटर्न असेल तर तिथे नवरा आणि बायको दोघांनी सही करायची असते, दोघांचे पाच आकडी पिन वेगळे असतात. हे मी तुम्हाला शिकवायचं कारण नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण दोघांच्या सह्यांची लिंक एकाच ईमेलवर पाठवतात, आणि ते ईमेल नवऱ्याचं असतं. पाच मिनिटांत दोन्ही सह्या परत येतात. एकाच फोनवरून, एकाच बोटाने. तुम्हाला ते दिसत नाही असं मला वाटत नाही.

माझी विनंती साधी आहे. तिचं स्वतःचं ईमेल मागा, तिचा स्वतःचा नंबर घ्या, आणि वर्षातून एकदा तिच्याशी दहा मिनिटं बोला. ‘वहिनी या भानगडीत पडत नाहीत’ असं दादा म्हणाले, तरीही. जॉइंट रिटर्नमध्ये त्या तुमच्या अशील आहेत, आणि तुम्ही घेतलेल्या फीमध्ये त्यांच्याही कामाचे पैसे आहेत.

त्या दहा मिनिटांत काय सांगायचं? आधी हे की जॉइंट रिटर्नवर सही केली की त्या वर्षाच्या संपूर्ण कराला दोघं एकत्रितपणे आणि वेगवेगळेही जबाबदार होतात. निम्म्याला निम्मे असा हिशेब तिथे नाही. आयआरएस पूर्ण थकबाकी, व्याज आणि दंड कुणा एकाकडून वसूल करू शकते, आणि ज्याच्याकडून सोपं पडेल त्याच्याकडून करते. नवऱ्याने शनिवार-रविवारच्या कन्सल्टिंगचे पैसे दाखवले नाहीत, क्रिप्टोतला फायदा लपवला, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं तिथल्याच खात्यात राहू दिलं, तर नोटीस दोघांच्या नावाने येते. पुढे घटस्फोट झाला आणि ‘जुना टॅक्स नवऱ्याने भरायचा’ असा कोर्टाचा हुकूम झाला, तरी तो हुकूम त्या दोघांमधला. आयआरएसला तो बंधनकारक नाही. बाईने आधी भरायचं आणि मग नवऱ्याच्या मागे कोर्टात धावायचं.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे: ‘इनोसंट स्पाउस रिलीफ असतो की.’ असतो. कलम ६०१५, फॉर्म ८८५७, सुटकेच्या तीन वाटा. तुम्ही तो भरून बघितला आहे का? त्यातल्या मुख्य वाटेवर बाईला सिद्ध करावं लागतं की सही करताना चूक तिला माहीत नव्हती आणि माहीत असण्यासारखी परिस्थितीही नव्हती. ‘मी वाचलंच नव्हतं’ एवढं म्हणून भागत नाही. वाचायला हवं होतं, असंच समोरून उत्तर येतं. तीनपैकी दोन वाटा वसुली सुरू झाल्यापासून दोन वर्षांत बंद होतात. आणि अर्ज आला की कायद्याप्रमाणे आयआरएसला नवऱ्याला, किंवा आधीच्या नवऱ्याला, कळवावंच लागतं. घरात मारहाण झाली असली तरी. तिचा नवा पत्ता त्याला दिला जात नाही, हे खरं. पण ज्या बाईने पत्ता लपवून दुसऱ्या गावात नव्याने सुरुवात केली आहे, तिला ‘त्याला पत्र जाणार आहे’ हे समजावून सांगायचं काम माझ्यासारख्या दुभाष्याकडे येतं. ते काम कधीतरी तुम्ही करून पाहा.

आता एप्रिलची गोष्ट. मुदतीच्या आत जॉइंट भरलेलं रिटर्न मुदत उलटल्यावर सेपरेट करता येत नाही. विवाह मुळात रद्दबातल ठरला, जोडीदार वारला अशा मोजक्या प्रसंगांचा अपवाद सोडला तर नाहीच. उलट, सेपरेट भरलेली दोन रिटर्न मूळ मुदतीपासून तीन वर्षांपर्यंत १०४०-एक्स भरून सहसा जॉइंट करता येतात. दार एकाच बाजूने उघडतं. तरी ‘आत्ता जॉइंट टाकून देऊ, नंतर वाटलं तर अमेंड करू’ हे वाक्य मी तुमच्या व्यवसायातल्या माणसांच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकलं आहे. बरोबर याच्या उलट सांगायला हवं. ज्या वर्षी नवरा-बायकोत विश्वासाचा प्रश्न आहे, हिशेब अर्धवट आहेत, भारतातल्या खात्यांचे आकडे ‘नंतर देतो’ म्हणून अडकले आहेत, त्या वर्षी आधी सेपरेट भरा. मन आणि कागद जुळले तर जॉइंट करायला तीन वर्षं आहेत. थोडे पैसे आधी जास्त जातील, ते परतही येतील.

जॉइंट वाईट आणि सेपरेट चांगलं, असं माझं म्हणणं नाही. बहुतेक घरांत जॉइंटच स्वस्त पडतं, आणि ते घर धड चाललं असेल तर भरावंही. माझं भांडण तुम्ही आकडे ज्या पद्धतीने दाखवता त्याच्याशी आहे. किंबहुना, न दाखवण्याशी.

२०२५ सालाचंच उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतलं जोडपं, नवऱ्याचा पगार १,२०,००० डॉलर, बायको एच-४ व्हिसावर, कमाई शून्य. जॉइंट भरलं तर ३१,५०० ची स्टँडर्ड वजावट जाऊन फेडरल कर १०,१४३ होतो. सेपरेट भरलं तर नवऱ्याच्या एकट्याच्या रिटर्नवर १७,८६७. साडेसात हजारांहून जास्त फरक. तुम्ही म्हणता, ‘बघा!’ मान्य.

पण दोघंही प्रत्येकी १,२०,००० कमावणारी असतील तर? जॉइंट ३५,७३४. सेपरेट प्रत्येकी १७,८६७, दोन्हींची बेरीज ३५,७३४. एका डॉलरचाही फरक नाही. मूळ करात फरकच नसलेल्या या जोडप्यालाही तुम्ही ‘सेपरेट महाग पडतं’ एवढंच सांगून मोकळे होता. महाग पडू शकतं ते सवलतींमुळे: शिक्षणाची क्रेडिट जातात, डे-केअरचं क्रेडिट सहसा जातं, स्टुडंट लोनच्या व्याजाची वजावट जाते, एकत्र राहत असाल तर रॉथ आयआरएची दारं १०,००० च्या उत्पन्नालाच बंद होतात, एकाने खर्च आयटमाइझ केले तर दुसऱ्याला स्टँडर्ड वजावट मिळत नाही. या यादीतलं त्या घराला काय लागू आहे ते बघून आकडा सांगा. कुणाला मूल नाही, कॉलेज संपलेलं, रॉथचा पत्ता नाही. तिथे फरक शून्याजवळ येतो. आणि एकाच्या डोक्यावर सरकारी स्टुडंट लोनचा डोंगर असून हप्ता उत्पन्नावर ठरत असेल, तर सेपरेटमध्ये हप्ता एकाच्याच पगारावर धरला जाऊन घर फायद्यातही राहतं.

तेच एका पगाराचं जोडपं आता न्यू जर्सीहून माझ्या फ्रीमाँटला आणा. कॅलिफोर्निया हे सामाईक मालमत्तेचं राज्य. टेक्सास, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, नेवाडा धरून अशी एकूण ९ राज्यं आहेत, आणि आपले मराठी लोक त्यातल्या तीन-चारांत खच्चून भरलेले आहेत. इथे लग्नानंतर मिळवलेला पगार कायद्याने दोघांचा. सेपरेट भरलं की नवऱ्याच्या रिटर्नवर ६०,००० आणि बायकोच्या रिटर्नवर ६०,०००, पगारातून कापलेला टॅक्सही निम्मा-निम्मा, सोबत फॉर्म ८९५८. दोघांचा मिळून फेडरल कर होतो १०,१४३. जॉइंटइतकाच! तरी या भागातल्या गृहिणींना ‘सेपरेट केलंत तर साडेसात हजार जास्त जातील’ असं सांगणारे तुमच्यात आहेत. सॉफ्टवेअरमध्ये फक्त वरची खूण बदलली आणि पगार नवऱ्याच्या नावावर तसाच ठेवला की तो आकडा येतो. व्हिसावर आलेल्या माणसाचं डोमिसाइल कुठलं धरायचं हा इथे वादाचा मुद्दा असतो, ते मला ठाऊक आहे. वादाचा मुद्दा असेल तर तो अशिलापुढे मांडा, गिळून टाकू नका. आणि दुसरी बाजूही सांगा: या राज्यांत सेपरेट भरलं म्हणून बाई पूर्ण सुटत नाही. नवऱ्याच्या न दाखवलेल्या कमाईतला निम्मा वाटा तिच्या माथी येऊ शकतो, आणि सामाईक मालमत्तेवर वसुली येऊ शकते. तिलाच निवड करायची आहे, तर तिला दोन्ही माहीत हवं.

थोडं विषयांतर, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. ही निवड आली कुठून? १९३० मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ‘पो विरुद्ध सीबॉर्न’ खटल्यात वॉशिंग्टन राज्यातल्या जोडप्याला पगार निम्मा-निम्मा दाखवू दिला, कारण राज्याचा कायदाच तसा होता. बाकी राज्यांतल्या नवऱ्यांना ते झोंबलं. चाळीसच्या दशकात ओक्लाहोमा, ओरेगन, मिशिगन, नेब्रास्का, पेनसिल्व्हेनिया या राज्यांनी नुसता कर वाचवण्यासाठी सामाईक मालमत्तेचे कायदे आणले. शेवटी १९४८ मध्ये काँग्रेसने ती वाटणी सगळ्यांनाच जॉइंट रिटर्नमधून देऊन टाकली, आणि त्यासरशी ओक्लाहोमा-मिशिगनसारख्यांनी ते कायदे गुंडाळले. करापुरती विभागणी मिळाली होती, मग बायकोला खरोखरची निम्मी मालकी कशाला द्यायची? मला तरी त्याचा अर्थ असाच लागतो.

माझं माहेर म्हापशाचं, त्यामुळे निम्म्या-निम्म्या हिशेबाचं मला नवल नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, आणि भारताच्या आयकर कायद्याप्रमाणे भाडं, धंदा, व्याज यांचं उत्पन्न दोघांच्या रिटर्नवर निम्मं-निम्मं जातं. पगार मात्र ज्याचा त्याचा. आई बाबांच्या दुकानात गल्ल्यावर कधी बसली नाही. पण तिच्या नावाचं रिटर्न जायचं, आणि आमचे सीए काका तिला समोर बसवून तिचा आकडा वाचून दाखवायचे. पुण्या-नागपूरहून इथे येणाऱ्यांना हेही माहीत नसतं. तिकडे ज्याचं रिटर्न त्याचं, जॉइंट नावाचा प्रकारच नाही. म्हणजे इथे उतरल्यावर ही निवड त्यांच्यापुढे आयुष्यात पहिल्यांदा येते, आणि ती करून देणारे तुम्ही असता.

यातूनच एक वेगळी तक्रार निघते. बायको नोकरी करू का म्हणून विचारते. नवऱ्याचे १,८०,०००, तिला ५०,००० ची ऑफर. तुम्ही गणित मांडता: फेडरल २२ टक्के, कॅलिफोर्नियाचे ९.३, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर ७.६५, वर राज्याचा डिसॅबिलिटी विमा. सुमारे चाळीस टक्के गेले, उरलेल्यात डे-केअर, ‘हातात काय राहणार वहिनी?’ आकडे बरोबर आहेत. पण फॉर्म १०४० वर दोन्ही पगारांची एकच बेरीज असते. त्यात खालचा कुणाचा आणि वरचा कुणाचा, असं काही लिहिलेलं नसतं. तिचा पगार वर तुम्ही ठेवलात. डे-केअरही तिच्याच खात्यात तुम्ही टाकलंत. मूल दोघांचं असूनही! सोशल सिक्युरिटीच्या स्वतःच्या हक्काच्या पेन्शनला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम, आणि एच-४ वरच्या ठरावीक बायकांनाच, तेही २०१५ पासून, नोकरीची परवानगी मिळू लागली आहे. तिच्या हातात ‘काही न राहणाऱ्या’ त्या वर्षांत ही क्रेडिट साठत असतात. तुमच्या तक्त्यात त्याचा रकाना नाही. घाला.

ज्यांची बायको अजून भारतातच आहे त्यांच्याबद्दल. लग्न डिसेंबरमध्ये झालं, ३१ डिसेंबरला विवाहित म्हणजे पूर्ण वर्ष विवाहित, चला जॉइंट! पण बायको नॉन-रेसिडंट असताना जॉइंट भरायचं तर ६०१३(जी) चा पर्याय घ्यावा लागतो, त्या निवेदनावर दोघांची सही लागते, आणि मग तिचा पुण्याचा पगार, एफडीचं व्याज, भारतात करमुक्त असलेलं पीपीएफचं व्याजसुद्धा अमेरिकेच्या हिशेबात येतं. तो पर्याय पुढच्या वर्षांनाही लागू राहतो, आणि एकदा मोडला तर त्या जोडप्याला पुन्हा कधीच घेता येत नाही. सव्वीस वर्षांची मुलगी कोथरूडमध्ये व्हिसाच्या तारखेची वाट बघते आहे आणि तिच्या पीपीएफचा हिशेब अमेरिकेच्या सरकारला गेला आहे, हे तिला कोण सांगणार? शिवाय तिचा करदाता क्रमांक, आयटीआयएन. त्याच्या डब्ल्यू-७ अर्जाबरोबर मूळ पासपोर्ट टेक्सासात ऑस्टिनला पाठवायला सांगता आणि ती मुलगी पासपोर्टावाचून बसते. मान्यताप्राप्त अ‍ॅक्सेप्टन्स एजंट मूळ पासपोर्ट तपासून लगेच परत देऊ शकतो, हे सांगायला एक वाक्य लागतं.

आयटीआयएनवरून आठवलं. मार्च २०२० च्या कायद्याने करोनाचे १,२०० डॉलर वाटले गेले, तेव्हा जॉइंट रिटर्नवर बायकोचा आयटीआयएन असलेल्या घरांना काहीच मिळालं नाही. नवऱ्याला नाही, इथे जन्मलेल्या मुलांनाही नाही. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणारा नवरा सेपरेट भरत असता तर त्याचे त्याला मिळाले असते. डिसेंबरात कायदा दुरुस्त झाला. पण मधले नऊ महिने तुमचे फोन लागत नव्हते.

जी बाई मुलांना घेऊन वेगळी राहते आहे तिलाही तुम्ही ‘कागदावर अजून लग्न आहे’ म्हणून जॉइंट किंवा सेपरेट एवढंच सुचवता. वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा त्या घरात राहत नसेल, मूल अर्ध्याहून जास्त वर्ष तिच्याकडे असेल आणि घराचा निम्म्याहून जास्त खर्च ती करत असेल, तर तिला हेड ऑफ हाउसहोल्ड म्हणून भरता येऊ शकतं. २०२५ साठी वजावट २३,६२५, सेपरेटमधली १५,७५० नव्हे. हे तिला क्लिनिकमधला विद्यार्थी सांगतो.

आणि रिफंड. फॉर्म ८८८८ वर तो तीन खात्यांत विभागता येतो. एकदा तरी विचारून बघा, ‘वहिनी, तुमचा खाते क्रमांक?’

तुमच्यातल्या सीपीए, वकील आणि एनरोल्ड एजंट यांना ट्रेझरीचं सर्क्युलर २३० लागू आहे. दोन अशिलांचे हितसंबंध एकमेकांच्या आड येत असतील तर दोघांना समजावून दोघांची लेखी संमती घ्यायची, असं त्यात आहे. नवरा-बायको हे दोन अशील असतात हे घटस्फोटाची नोटीस आल्यावर तुम्हाला एकदम आठवतं आणि तुम्ही ‘आता मी दोघांचंही काम करू शकत नाही’ असं पत्र पाठवता. ते पत्र बरोबरच आहे. त्याचा पहिला परिच्छेद काम हाती घेताना पाठवत जा.

मी मराठीत एक पानाचा मसुदा करून ठेवला आहे: जॉइंट सही म्हणजे काय, ती मागे घेता येते का, दोन्ही पद्धतींचे आकडे लिहायला दोन रिकामे चौकोन, आणि खाली तिच्या सहीची जागा. त्यातली कलमं आणि आकडे तुमच्यापैकी कुणी तपासून दिले तर या हंगामात तो वाटता येईल. तपासायची फी किती ते कळवा. बिल माझ्या नावाने पाठवा, ह्यांच्या नको.

कळावे,

आपली,
तुमच्या फायलीतली एक दुसरी सही
फ्रीमाँट, कॅलिफोर्निया